चूल मोजली, सरपण कोणी मोजलं?



धान चुरून झाले, बांधावरची तूर निघाली, तुराट्यांचे भारे घरामागे लागले. वर्षभराचे सरपण जमवायचे हेच दिवस, आणि याच दिवसांत गावात चुलीचा विषय निघतो. गेल्या महिनाभरात चार जणांनी मला विचारलं, "भाऊ, कमी धुराची चूल घ्यायची आहे. लाकूड, तुराट्या, गोवऱ्या, भुसा, सगळं चालेल अशी कोणती घ्यावी?"

म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून चुलीची नोंद लिहितो. मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण आपल्या विदर्भात सुधारित चुलीचा इतिहास फार जुना आहे आणि तो माहीत असला तर दुकानात उभं राहून काय विचारायचं ते आपोआप समजते. नोंद लांब आहे, सवडीने वाचा. कृषी सहायक आणि विद्यापीठाची मंडळीही हे पान वाचतात, त्यांनीही वाचावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऐंशी-नव्वद वर्षांत सुधारित चुली लाटेसारख्या आल्या. बहुतेक वेळा किती चुली वाटल्या ते मोजलं गेलं. त्या घरात कोणतं सरपण आहे, कोणत्या महिन्यात आहे, ते फार कमी जणांनी मोजलं. चुली बंद पडल्या त्या बहुतेक इथेच.

आता जुन्या चुलीपासून सुरू करू.

जुन्या मातीच्या चुलीला आपण मागासलेली म्हणून मोकळे होतो. पण तिच्या बाजूचा वैल आठवा. चुलीतून उरलेला जाळ भोकातून वैलाखाली जातो आणि त्यावर वरण शिजते, दूध तापते. वाया जाणारी आच दुसऱ्या भांड्याला द्यायची ही युक्ती आपल्या आज्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय काढली होती. दुसरं म्हणजे ही चूल काहीही खाते. लांब फाटा तोंडात सरकवा, तुराट्यांची मूठ घाला, गोवरी मोडून टाका, बेशरमीच्या काड्या घाला, ती नाही म्हणत नाही. तुटली तर घरची बाई माती-शेणाने सकाळी लिंपते आणि संध्याकाळी पेटवते. खर्च शून्य.

तिचा दोष मोठा आहे, तो लपवायचा नाही. लाकडातल्या १०० भाग उष्णतेपैकी साधारण १० ते १५ भागच भांड्याला लागतात. बाकी हवेत. आणि धूर. धूर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्याभोवती फिरतो. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्वाळा दिसते ती त्या वायूची. त्याला पुरेशी आच, पुरेशी हवा आणि जळायला थोडा वेळ मिळाला तर तो पूर्ण जळतो. नाही मिळाला तर अर्धवट जळालेला वायू आणि काजळी बाहेर येते, तोच धूर. म्हणजे धूर हे न जळालेलं सरपण आहे. तेवढं लाकूड आपण जंगलातून डोक्यावर आणलं आणि बाईच्या छातीत भरलं.

सरपण आणायचं कुठून, याचाही आपल्या भागात वेगळा इतिहास आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण भंडाऱ्यात. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात, मालगुजारी मुलूख. त्या काळात रयतेला गावच्या जंगलातून घरापुरतं जळाऊ लाकूड, गवत, बल्ल्या घेता येत. त्यालाच निस्तार म्हणत. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. १९५१ ला मालगुजारी गेली, मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली. निस्ताराच्या नोंदी कागदावर राहिल्या, पण लोक वाढले आणि जंगल मागे सरकत गेलं. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा हा विषय सामूहिक हक्काच्या रूपात पुन्हा ग्रामसभेपुढे आला. चुलीच्या योजना ज्यांनी आखल्या त्यांनी हा निस्ताराचा हिशेब फारसा पाहिला नाही. आपल्याकडे सरपण विकत घ्यायची वस्तू नव्हती. ती गोळा करायची वस्तू होती आणि गोळा करणारी बाई होती.

आता वर्ध्याला चला. गोंदियाहून हावडा-मुंबई लाइनने नागपूर ओलांडलं की वर्धा.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत ठेवलं. मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले, त्यांच्या नावावरून मगनवाडी. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. संघाचं काम पाहायला जे. सी. कुमारप्पा होते, शिकलेले हिशेबनीस आणि अर्थशास्त्री. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, हातकागद, मधमाशा, गूळ असे प्रयोग तिथे चालत. १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडलं, ते आजही वर्ध्यात आहे.

याच मगनवाडीत दोन वस्तू तयार झाल्या. एक मगनदीप, म्हणजे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा दिवा. दुसरी मगन चूल. मातीचीच, पण एकाहून जास्त भांडी ठेवता येतील अशी आणि धूर बाहेर नेणारं धुराडं असलेली. १९४० च्या दशकात ती पुढे आली. आपल्या देशातल्या सुधारित चुलींची गोष्ट सांगताना जाणकार जिथून सुरुवात करतात त्यांत वर्ध्याची ही चूल असतेच. विदर्भाच्या माणसाने हे अभिमानाने सांगावं.

दिवा आणि चूल एकत्र पाहिली की कुमारप्पांची पद्धत दिसते. गावात काय आहे ते आधी पाहायचं, वस्तू त्यानंतर करायची. रॉकेल गावात होत नाही, तेल होते, म्हणून तेलाचा दिवा. लोखंडी भट्टी गावात होत नाही, माती आहे, म्हणून मातीची चूल.

पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तक लिहून कोट्यवधी घरांना बिनधुराचं स्वयंपाकघर मिळावं असा विचार मांडला. त्यांचा भर बाईच्या डोळ्यांवर आणि स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर होता. पण धुराड्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा. धुराडं धूर घराबाहेर नेते, धूर कमी करत नाही. आत जळण अर्धवट झालं तर तोच धूर आता गल्लीत. हिवाळ्याच्या संध्याकाळी आपल्या गावावर निळसर थर बसतो, तो यातूनच. आणि धुराड्यात काजळी बसते. ती महिन्या-दोन महिन्यांनी काढली नाही तर धूर उलटा घरात.

त्यानंतर बरीच वर्षं या विषयात मोठं काही घडलं नाही. १९७३ ला जगात तेल महागलं आणि सरकारांना एकदम आठवलं की खेड्यातला माणूस लाकडावर जेवतो आणि जंगल संपत चाललं आहे. म्हणजे दुसरी लाट आली ती जंगल वाचवायला. बाईची छाती त्या वेळी कोणाच्या यादीत नव्हती. ती यादीत आणली मोजमापाने. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं लावली आणि १९८३ मध्ये आकडे छापले. शहरातल्या रस्त्यावर जेवढी घाण हवा वाईट मानतात, त्याच्या कितीतरी पट चुलीपुढे होती. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख लोक मेले. या विषयाला सुरुवात त्या गुजराती स्वयंपाकघरांतून झाली.

त्याच १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. साडेतीन कोटींच्या आसपास चुली देशभर बसवल्या. किमतीचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग अनुदान. प्रत्येक राज्याला दरवर्षीचं लक्ष्य आणि लक्ष्य मोजायचं ते बसवलेल्या चुलींत.

त्या वर्षांत आमच्याही गावात बिनधुराच्या चुली बसल्या. मी तेव्हा विशीत होतो. बसवणारे आले, दिवसाला घरं मोजून चुली बांधल्या, छपरातून सिमेंटचं नळकांडं काढलं, सही घेतली आणि गेले. चुलीचं तोंड लहान होतं. आमच्याकडे तुराट्या आणि लांब फाटे, ते तोडून घालायला कुऱ्हाड घेऊन बसावं लागे. आईने महिनाभर कसंबसं केलं, मग एका सकाळी खलबत्त्याच्या दांड्याने तोंड मोठं केलं. झालं, हवा जास्त जायला लागली, जाळ दुसऱ्या भोकापर्यंत पोचेना. पावसाळ्यात नळकांड्याच्या बाजूने छपर गळायला लागलं. पुढच्या वर्षी नळकांडं कोंबड्यांच्या खुराड्यात आणि चूल पूर्वीसारखी. पण कागदावर ती चूल बसलेलीच राहिली असणार. बसवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना चुली मोजायला सांगितलं होतं, त्यांनी चुली मोजल्या. आमच्या घरात तुराट्या जळतात की लाकूड, हे विचारणारा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता.

याच काळात महाराष्ट्रात एक चांगलं कामही झालं, ते सांगितलं पाहिजे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्याला आरती ही संस्था काढली. या संस्थेकडे राष्ट्रीय कार्यक्रमातलं तांत्रिक काम होतं. त्यांनी लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, पार्वती अशा नावांच्या चुली पुढे आणल्या. लक्ष्मी दोन भांड्यांची आणि धुराड्याची, भाग्यलक्ष्मी बिनधुराड्याची. त्यांनी कुंभारांना आणि गावच्या कारागिरांना साचे दिले, शिकवलं. २००२ मध्ये अनुदान थांबलं तेव्हा चुली विकणारे हे कारागीर काही ठिकाणी शिल्लक होते, पैसे घेऊन चूल विकत होते. ऊसपट्ट्यात त्यांनी उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची पद्धत काढली, त्याला २००२ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पुन्हा तीच गोष्ट बघा. पाचट शेतात पडून होतं, शेतकरी जाळत होता, ते पाहून काम सुरू केलं.

शेजारच्या चीनमध्ये १९८० च्या दशकात अशीच मोहीम झाली. दहा-बारा वर्षांत सुमारे १३ कोटी चुली. तिथे कामासाठी सगळे जिल्हे एकदम घेतले नाहीत, तयारी असलेले निवडले. स्थानिक ऊर्जा कार्यालयं उभी केली. घरच्याने चुलीचा बहुतेक खर्च स्वतः केला, सरकारने पैसा जास्त करून शिकवण्यावर आणि तपासणीवर घातला. स्वतःच्या पैशाची चूल माणूस सहसा फोडत नाही.

तिसरी लाट कंपनीची. २००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ऊर्जा नावाची चूल बाजारात आणली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत ती विकली. २००९ नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने धंदा पुढे नेला. चूल खरंच चांगली होती. आत लहान पंखा, चार्ज होणारी बॅटरी, जाळ निळसर आणि धूर अगदी कमी. ४ लाखांच्या आसपास चुली विकल्या गेल्या. पण ती शेतीच्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या गोळ्यांवरच नीट चाले. गोळ्या कंपनीकडून घ्यायच्या. पुढे काय झालं ते आपल्यापैकी प्रत्येक धान गिरणीवाला सांगू शकेल. ज्या भुशाला, टरफलाला भाव नव्हता त्याला कारखान्यांचे बॉयलर गिऱ्हाईक म्हणून मिळाले. कच्चा माल महागला, गोळ्या महागल्या, पुरवठा तुटला. काही वर्षांनी अभ्यासक घरोघरी गेले तेव्हा घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती चूल वापरत होते. गोळी मिळाली नाही की इतकी हुशार चूल अडगळीत. शेतकऱ्याला बियाण्याच्या बाबतीत हा धडा चांगला माहीत आहे. चुलीच्या बाबतीत तो लागू होईल असं वाटलं नाही इतकंच.

चौथी लाट प्रमाणपत्राची. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने नवा उपक्रम जाहीर केला, २०१४ मध्ये उन्नत चूल्हा अभियान आलं. दरम्यान भारतीय मानक आयएस १३१५२ ची २०१३ मध्ये सुधारणा झाली. हे आकडे वहीत लिहून ठेवा, दुकानात कामाचे आहेत. पंखा नसलेल्या चुलीत किमान २५ टक्के उष्णता भांड्याला लागली पाहिजे, पंखावाल्या चुलीत किमान ३५ टक्के. भांड्याला लागलेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. धुराचे कण पंखा नसलेल्या चुलीत ३५० मिलिग्रॅमपर्यंत, पंखावाल्यात १५० मिलिग्रॅमपर्यंत.

बिनपंख्याच्या बऱ्याच नव्या चुलींच्या आत रॉकेट चुलीचं तत्त्व आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी ते मांडलं. कोपरासारखी वळलेली जळणाची जागा, आजूबाजूला उष्णता धरून ठेवणारा थर, त्यामुळे वायू बाहेर पडण्याआधी चांगला तापून जळतो. तत्त्व पक्कं आहे.

पण चाचणी होते ती वाळलेल्या, एकसारख्या कापलेल्या लाकडावर आणि शिकलेल्या माणसाच्या हाताने. आपल्या घरी आषाढात भिजलेला पळस असतो. ओल्या लाकडातलं पाणी आधी वाफ होते, त्यात आच खर्च होते, जाळ थंड पडतो आणि धूर निघतो, मग चूल कोणतीही असो. ओडिशात अर्थशास्त्रज्ञांनी २,६०० घरांचा अभ्यास केला. धुराड्याच्या मातीच्या चुली दिल्या आणि काही वर्षं पाठ सोडली नाही. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला. पुढे तो फायदा दिसेनासा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या गेल्या नाहीत. आमच्या आईने जे केलं तेच तिथल्या बायांनी केलं. प्रमाणपत्र चुलीला मिळते, सरपणाला मिळत नाही.

पाचवी लाट गॅसची. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला दिली गेली. जंगलाकाठच्या गावांना वनविभागाकडूनही सवलतीत गॅस मिळाला. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मोळीसाठी जंगलात वाकलेल्या बाईला वाघ दिसत नाही आणि वाघाला ती बाई आहे हे समजत नाही. सरपणाचा प्रश्न आमच्याकडे असा जिवावरचा आहे.

गॅस हेच सगळ्यात कमी धुराचं साधन, यात वाद नाही. ज्याला परवडते त्याने स्वयंपाक गॅसवरच करावा. पण कोणत्याही गावात जा, गॅस असलेल्या घरामागे चूल पेटलेली दिसते. आंघोळीचं पाणी, धान उकडणं, पाहुण्यांचा स्वयंपाक हे सगळं तिच्यावर. याचा हिशेब करून पाहा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी कामाची उष्णता आहे, तेवढी साध्या चुलीत काढायला ढोबळ मानाने १९० किलो वाळलं लाकूड लागते. २५ टक्क्यांच्या चुलीत साधारण ९५ किलो. म्हणजे चांगली चूल प्रत्येक सिलिंडरमागे जवळजवळ एक क्विंटल लाकूड वाचवते. हातात रोख पैसा नसतो त्या महिन्यांत हे एक क्विंटल म्हणजे जंगलाच्या चार-पाच खेपा. म्हणून गॅस आला तरी चांगल्या चुलीची गरज संपली नाही.

आता आपल्या धानपट्ट्याचं खास सरपण, भुसा. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग भुसा निघतो. २० क्विंटल धानामागे ४ क्विंटल. पण साध्या चुलीत भुसा टाकला की तो दाबून बसतो, हवा जात नाही, नुसता धूर. शिवाय त्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के राख उरते, त्यात सिलिका, आणि जाळी चोंदते. म्हणून आपल्याकडे भुशाची शेगडी निघाली. पत्र्याचा डबा, मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढली की पोकळी, खालच्या भोकातून पेटवायचं. तासन् तास चालते. पेटताना आणि विझताना मात्र धूर सोडते, ती अंगणातच ठेवावी.

यावर फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या अॅलेक्सिस बेलोनिओ या शेती अभियंत्याने चांगलं काम केलं. त्यांच्या चुलीत भुसा वरून पेटवतात, खालून लहान पंखा हवा देतो, भुशाचा वायू होतो आणि वर गॅससारखा निळा जाळ लागतो. २००८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. खाली काळा कोळसा-भुसा उरतो, तो बांधीत टाकता येतो. धान पिकवणाऱ्या माणसाने धान खाणाऱ्या घरासाठी केलेली चूल आहे ती. अडचणी दोन. मधेच भुसा घालता येत नाही, एक भरणी संपली की पुन्हा पेटवा. आणि पंख्याला वीज लागते. शिवाय आपलं धान खरेदी केंद्रावर गेलं की भुसा गिरणीत राहतो, आपल्या घरी येत नाही. घरी खायला भरडून आणतो तेवढाच भुसा आपला. चार क्विंटलच्या भरडाईत ऐंशी किलो. त्यावर वर्ष निघत नाही.

सध्याची लाट कार्बनची. कंपन्या गावात फुकट किंवा नाममात्र किमतीत चूल देतात, तिच्यामुळे वाचलेल्या धुराचा हिशेब करून परदेशात विकतात. त्यात वाईट काही नाही, चूल चांगली असेल तर घ्या. पण जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा प्रकल्पांची तपासणी छापली आणि दाखवलं की प्रत्यक्षापेक्षा सुमारे ९ पट जास्त बचत कागदावर मांडली गेली होती. एक मोठं कारण हेच की लोक दिलेली चूल जेवढी वापरतात असं गृहीत धरलं, तेवढी ते वापरत नव्हते. १९८३ ला आपण बसवलेल्या चुली मोजत होतो, चाळीस वर्षांनंतरही तेच.

तर मंडळी, चूल घेताना काय करायचं ते लिहितो.

आधी बारा महिन्यांचं सरपण वहीत मांडा. माघ-फाल्गुनात तुराट्या. उन्हाळ्यात गोवऱ्या आणि वाळलेलं लाकूड. पावसाळ्यात ओलं लाकूड आणि साठवलेल्या गोवऱ्या. ज्या सरपणावर सहा महिन्यांहून जास्त चालते, त्यासाठी चूल घ्या. बाकीचं चालून गेलं तर उत्तम. "सगळं चालते" म्हणणाऱ्या दुकानदाराला आपल्या घरच्या तुराट्या आणि एक गोवरी देऊन समोर पेटवून दाखवायला सांगा. लाकडासाठी केलेल्या रॉकेट चुलीत गोवरीची राख लवकर साचते आणि हवा बंद होते. राख काढायची सोय आहे का, जाळी निघते का, ते हाताने काढून बघा.

दुसरं, आपलं सगळ्यात मोठं भांडं सोबत न्या. चुली बहुधा लहान भांड्यावर तपासतात, आपल्याकडे गंज आणि पाण्याचा हंडा असतो. हंडा ठेवल्यावर चूल डगमगली तर घेऊ नका, भाजण्याचा धोका आहे.

तिसरं, पंखावाली घेणार असाल तर पंखा आणि बॅटरी गोंदियाच्या बाजारात मिळते का ते विचारा. लाइन गेली तर बिनपंख्याने किती चालते ते पाहा.

चौथं, आयएस १३१५२ चा कागद मागा. पण चाचणी कोणत्या सरपणावर झाली तेही विचारा.

पाचवं, विकत घ्यायचं सरपणच लागणारी चूल असेल तर ते सरपण विकणारे किमान दोन असले पाहिजेत. एकच असेल तर नाही म्हणा.

सहावं काम चूल न घेताही आजपासून होते. लाकडासाठी छपर करा. तुराट्या आणि फाटे चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवून मृगाआधी आत घ्या, लाकूड मनगटापेक्षा जाड ठेवू नका. वाळलेल्या सरपणाने जुन्या मातीच्या चुलीचाही धूर उतरतो. चार बल्ल्या आणि जुने पत्रे, एवढाच खर्च.

आणि निवडायला घरची बाई सोबत न्या. वाकून तीन तास तिला बसायचं आहे.

ज्यांच्याकडे सुधारित चूल आहे त्यांनी एवढं कळवा. चूल किती वर्षं झाली, त्यात काय काय जाळता, पावसाळ्यात चालते का, आणि आज सकाळी पेटवली होती का. पुढच्या नोंदीत सगळ्यांचं एकत्र करून लिहितो. सोबत बांधावरच्या तुरीचं यंदाचं उत्पन्नही देईन, कारण तुराट्यांचा हिशेब त्यावरच आहे.